ठमीचं तोंड आणि गावाचं नाक

मांजराच्या तोंडाला वास यायला लागला, तर "म्हातारं झालं" म्हणून गप्प बसू नका. मी चार महिने गप्प बसले होते, म्हणून हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते. पुढं जे आहे ते माझ्या खुळेपणाचं, हट्टाचं आणि थोडंफार नशिबाचं आहे. एका मांजरासाठी एवढा कागद खर्च करणं ज्यांना पटत नसेल त्यांनी इथंच थांबावं. मला राग येणार नाही. आला तरी तुम्हाला कळायचा नाही.

कोल्हारला आमची पिठाची गिरणी. मालक, म्हणजे माझे यजमान, जातं चालवायचे. मी दळणं घ्यायची, डब्यांवर खडूनं नावं घालायची आणि पीठ वेळेवर मिळालं नाही की बायकांची बोलणी खायची. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या दाराशी बसून, मशेरीची डबी मांडीशी ठेवून, येणाऱ्याजाणाऱ्याची खबर घ्यायच्या. आणि ठमी. नऊ वर्षांची मांजर, रंगानं करडी, पण गिरणीत राहून सदा पांढरी. तिचा वचक असा की आमच्याकडं आलेलं पोतं उंदरानं कुरतडलं अशी तक्रार कधी आली नाही.

बहात्तर सालचा दुष्काळ होता. रेशनवर लाल मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, यायचा आणि गिरणीत दिवसभर तोच दळायचा. माणसं खडी फोडायला जात होती, गुरं छावणीत होती. दूध कुणाच्याच घरी दिसत नव्हतं. ठमीला आम्ही मिलोची भाकरी पाण्यात कालवून घालायचो. ती खायची, पण जांभई दिली की जवळ बसवत नसे.

वास

सुरुवातीला मीच हसण्यावारी नेलं. उंदीर खाणाऱ्या तोंडाला काय केवड्याचा वास येणार? मग दिसायला लागलं की ती मान वाकडी करून एकाच बाजूनं चावते. घास तोंडातून पडतो. अंग चाटायचं तिनं सोडून दिलं होतं, हनुवटी सारखी ओली असायची. ही सगळी लक्षणं मी रोज बघत होते. पण बघणं वेगळं आणि ध्यानात घेणं वेगळं.

ठमीला गिऱ्हाइकांच्या मांडीवर बसायची सवय होती. दळण होईपर्यंत बायकांनाही ते आवडायचं. आता त्या तिला ढकलून द्यायला लागल्या. एक दिवस पेठेतली एक बाई सगळ्यांदेखत म्हणाली, "मंगल, तुमच्या पिठालाच वास मारतोय गं." पिठाला वास नव्हता. पण गावात असं बोलणं एकदा सुटलं की ते दळणापेक्षा बारीक होऊन घरोघर पोचतं. पुढच्या आठवड्यात चार-पाच घरची दळणं दुसऱ्या गिरणीत गेली.

आत्याबाईंनी निकाल दिला, "सोडून या तिला."

आमच्याकडं मांजर मारत नाहीत. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, असं म्हणतात. म्हणून ते पोत्यात घालायचं, वाट कळू नये म्हणून पोतं दोनदा गरगर फिरवायचं आणि प्रवरेच्या पुलापलीकडं नेऊन सोडायचं. तिकडं ते कुत्र्यानं फाडलं की उपाशी मेलं, हे कुणी विचारायला जात नाही. पाप काही लागत नाही म्हणे. मला तर उलट वाटतं, असलं पाप दुप्पट लागत असावं, कारण आपण ते पाठ फिरवून करतो.

त्या साली अडचण अशी की नदीत पाणीच नव्हतं. पलीकडं सोडलेलं मांजर वाळूतून चालत संध्याकाळपर्यंत घरी आलं असतं. म्हणून मालकांनी हमरस्त्यावरचा एक ट्रकवाला गाठला. तो पोतं मनमाडच्या बाजूला कुठंतरी उतरवून देणार होता. हे मला कळलं तेव्हा मी हातातला डबा खाली ठेवला.

"तिला ट्रकात घातलं तर उद्यापासनं दळणं तुमीच घ्या," मी म्हणाले. "नावं बी तुमीच घाला अन् बायकांची तोंडं बी तुमीच सांभाळा."

मालक तसे वाईट नाहीत. भित्रे आहेत. ते म्हणाले, "सोमवारपर्यंत वास गेला तर राहू दे. न्हाई गेला तर माझ्याशी भांडू नको."

माझी चूक

आता जे सांगते ते सांगायला लाज वाटते, पण न सांगितलं तर हे लिहिण्याला अर्थ नाही.

आमच्याकडं दात दुखला, हिरडी सुजली, तोंडाला वास आला, काहीही झालं तरी एकच औषध. मशेरी. तंबाखू तव्यावर जाळायची, चुरायची आणि बोटानं दातांवर घासायची. आत्याबाई दिवसातून चार वेळा लावायच्या. मी स्वतः सकाळी लावायची. त्यामुळं आत्याबाई म्हणाल्या, "जरा मशेरी चोळ तिच्या हिरडीला, दोन दिसांत वास जाईल," तेव्हा मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. माणसाला चालतं ते मांजराला का चालू नये?

शनिवारी सकाळी ठमीला फडक्यात गुंडाळलं आणि चिमूटभर मशेरी तिच्या मागच्या दातांवर चोळली. ती ओरडली. मी म्हणाले, सोस जरा, तुझ्याच भल्याचं आहे.

थोड्याच वेळात तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली, मग फेस. पाय थरथरायला लागले. उठायला गेली ती जात्याच्या ओट्यावर कलंडली. ओकली. डोळे एवढाले मोठे झालेले. मी तिचं तोंड ओल्या फडक्यानं पुसत होते.

गिरणीत तेव्हा सात-आठ माणसं होती. कुणीतरी ओरडलं, "पिसाळलं! मांजर पिसाळलं!"

त्यानंतर कोण कुठं पळालं ते मला आठवत नाही. डबे सांडले. एक जण दांडकं घेऊन आत आला. मी ठमीच्या आणि त्याच्या मधे उभी राहिले आणि ओरडले, "पिसाळलेली न्हाई! म्या मशेरी लावलीय तिला!"

"मशेरीनं कुटं असं हुतंय व्हय?" एक बाई बाहेरून म्हणाली. "आमी रोज लावतो की!"

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांनी एक शब्द काढला असता तर माणसं ऐकली असती. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि बोलल्या नाहीत. मालक म्हणाले, "ट्रक आजच बघतो."

कोंबड्या झाकायचं डालगं कोपऱ्यात होतं. मी ठमीला त्यात घातलं, वर लुगड्याचा तुकडा बांधला आणि रस्त्यावर येऊन नगरच्या एस.टी.ला हात केला. दळणाच्या पैशांची पिशवी कमरेला होती, पण पायात वहाणा नव्हत्या, हे राहुरी मागं पडल्यावर लक्षात आलं.

नगर

कंडक्टरनं विचारलं, "कोंबडी हाय का?"

"मांजर हाय."

ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं. "बाई, मांजर आडवं गेलेलं चालत न्हाई गाडीला."

"आडवी कुटं चाललीय?" मी म्हणाले. "तुमच्यासंगं सरळ नगरला चाललीय."

गाडीतली माणसं हसली आणि मला बसू दिलं. माणसं हसली की निम्मं काम होतं, हे मी त्या दिवशी शिकले. फेसाचं मात्र मी कुणाला बोलले नाही.

गुरांच्या दवाखान्यात दुष्काळाची गुरं उभी होती. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. त्यांच्या रांगेत डालगं घेऊन उभं राहिल्यावर मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोकांचे बैल मरतायत आणि मी मांजर घेऊन आले. दाराशी शिपाई म्हणालाच, "इथं गुरं बघत्यात बाई." मी म्हणाले, "मंग हिला गुरू समजा," आणि रांग सोडली नाही.

माझ्यापुढं पाथर्डीकडचे एक बाबा होते, लंगडा बैल घेऊन छावणीतून आलेले. ते डालग्यात डोकावले. "मला वाटलं लेकरू हाय," म्हणाले. मग माझं तोंड बघून म्हणाले, "लाजू नका. मला बी समदं गाव म्हणालं, म्हातारा बैल हाय, दे बाजारात. न्हाई दिला. आपलं जित्राब आपल्याला ठावं."

तेवढंच त्या दिवशी कुणी चांगलं बोललं होतं.

डॉक्टर तरुण होते, शर्टावर शेणाचे डाग. हसतील अशी मी तयारी ठेवली होती. त्यांनी ठमीला टेबलावर घेतलं, तिचा जबडा उघडला आणि नाक जवळ नेऊन चांगला लांब श्वास घेतला. चार महिन्यांत सगळ्या गावानं नाक मुरडलं होतं. वास घेणारा पहिला माणूस हा.

"सडका आहे," ते म्हणाले. "म्हणजे दात आणि हिरड्या. मुताटीसारखा आला असता तर मूत्रपिंडाची काळजी होती. गोडसर आला असता तर साखरेची. कधीकधी तर नुसती हाडाची कपचीच अडकलेली असते." मग त्यांनी मला तिचं तोंड दाखवलं. दातांवर तपकिरी कीट चढलेलं, हिरड्या लालभडक, आणि डाव्या बाजूचे मागचे दोन दात मुळाशी पू धरून हललेले. एवढं दुखणं घेऊन ती उंदीर धरत होती.

"आणि हा फेस? काय लावलंत?"

मी सांगितलं. ते चिडले. "अहो, तंबाखू विष आहे. एवढ्याशा जिवाला चिमूटसुद्धा पुरते. ओकली म्हणून वाचली. आणि तुम्हाला चालते असं कुणी सांगितलं? तुमच्याही हिरड्या खातेय ती."

मी मान खाली घातली. मग त्यांनी खरं ते सांगितलं. दात काढावे लागतील, त्यासाठी गुंगी द्यावी लागेल, आणि इतकी अशक्त मांजर गुंगीतून उठेलच याची खात्री नाही. काढले नाहीत तर खाणं सुटेल आणि ती हळूहळू जाईल.

"घरच्यांना विचारायचंय का?"

"घरच्यांचं मत ट्रकात बसलंय," मी म्हणाले. "काढा दात, सायेब."

बोलताना आवाज मोठा होता. बाहेर येऊन गुरांच्या हौदाच्या कडेला बसले आणि रडले. ठमी मेली असती तर ती दातानं नाही, माझ्या बोटानं मेली असती. पाथर्डीचे बाबा आत तिचे पाय धरायला गेले होते, कारण मला ते जमणार नव्हतं. बाहेर येऊन त्यांनी दोन दात माझ्या तळहातावर ठेवले. एवढेसे. ज्वारीच्या दाण्याहून थोडे मोठे.

ती दुपारी उशिरा शुद्धीवर आली. आधी एक कान हलला. मग मान उचलली, पडली, पुन्हा उचलली. समोर बाबांचा बैल उभा होता. त्याच्याकडं बघून ती गुरगुरली. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे मालकांनी वाचलं तरी चालेल.

पाच दिवस

पाच दिवस इंजेक्शनं होती, म्हणून मी तिथंच राहिले. आवारात गुरांच्या मालकांसाठी पत्र्याची एक शेड होती. सकाळी फिनेल पडायचं, मग छावणीच्या गाड्या, मग रांग, मग इंजेक्शन. खाटकाकडून कलेजीचा तुकडा आणून उकडून, बारीक करून ठमीला द्यायची. तिसऱ्या दिवशी ती पहिल्यांदा अंग चाटायला बसली. ज्यांच्या घरी मांजर आजारी असेल त्यांना सांगते, खाण्याआधी ते बघा. मांजरानं स्वतःला चाटायला घेतलं की त्याच्या जिवात जीव आला समजा.

त्याच दिवशी मालक विचारत विचारत आले. माझ्या वहाणा आणि फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या घेऊन. वहाणा पुढं ठेवल्या आणि भांडायला लागले.

"मांजरापायी संसार सोडून बसलीस. गाव काय म्हणत आसंल?"

"गावाचं ठावं हाय. तुमी काय म्हणता?"

"घरात पिसाळलेलं मांजर हाय म्हणल्यावर दळण कोण आनंल? हे खोटं हाय का, सांग."

ते खोटं नव्हतं. पोट गिरणीवर होतं. मी विचार केला, गाव माझं ऐकत नाही, पण गाव शिक्का ऐकतं. डॉक्टरांकडं गेले आणि चिठ्ठी मागितली. ते हसले, पण त्यांनी लिहून दिली, की सदर मांजर पिसाळलेलं दिसत नाही, तोंडाला फेस आला तो तंबाखूची मशेरी लावल्यामुळे, आणि किडलेले दोन दात काढले आहेत. खाली सही आणि गोल शिक्का. वर तोंडी बजावलं, की लोकांच्या समाधानासाठी दहा दिवस तिला खोलीत ठेवा.

घरी आल्यावर मिलोच्या पिठाची खळ केली आणि ती चिठ्ठी गिरणीच्या दारावर चिकटवली.

मालक म्हणाले, "अगं, आपण मांजराला मशेरी लावली हे साऱ्या जगाला कळंल."

"कळू द्या," मी म्हणाले. "कळाया पायजेच."

ज्यांना वाचता येत होतं त्यांनी ज्यांना येत नव्हतं त्यांना वाचून दाखवलं. आधी हसले. मग एक बाई म्हणाली, "मंग आपल्या तोंडात काय हुत आसंल गं?" आणि हसणं तिथंच थांबलं. दळणं परत आली. दोन घरची आलीच नाहीत. त्यांच्यावाचून गिरणी थांबली नाही.

डॉक्टरांनी सांगितलेलं मी आजही करते. पातळ कालवलेल्या भाकरीवर मांजर ठेवू नका, ती दातांना चिकटून कुजते. चावायला काहीतरी द्या, मांसाचा तुकडा जमेल तेव्हा. बोटाला मऊ फडकं गुंडाळून, उकळून निवलेल्या पाण्यात बुडवून, रोज दात पुसा. पहिले आठ दिवस ओरबाडेल, मग सवय होते. मशेरी नको, लवंगेचं तेल नको, माणसाची दंतमंजनं नकोत. आणि वास आला की नाक धरू नका. जवळ जा.

आत्याबाई

मी परत आल्यापासून आत्याबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. मीही आपण होऊन बोलायला गेले नाही. त्या दिवशीचं त्यांचं गप्प राहणं माझ्या मनातून जात नव्हतं.

दहा दिवस सरले आणि ठमी खोलीतून बाहेर आली. एका दुपारी वीज गेलेली, जातं बंद, मालक जेवायला घरात. मी दाराशी बसून ठमीचे दात पुसत होते. आत्याबाई येऊन शेजारी बसल्या आणि बघायला लागल्या.

"डाक्तरानं नुस्त्या वासावरनं वळखलं व्हय?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

त्यांनी घरात कुणी ऐकत नाही ना ते बघितलं. "मंगल, खरं सांग. माझ्या बी तोंडाला येतो का गं?"

नाही म्हणणं सोपं होतं. "येतो, आत्याबाई," मी म्हणाले. "लई दिसांपासनं येतो."

आता भांडण होणार असं मला वाटलं. त्यांनी फक्त मान हलवली. "डाव्या अंगानं दोन वर्सं चावता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "बोलले न्हाई. म्हातारीच्या तोंडाला वास येतो म्हणल्यावर घरात कोण ठेवतंय?"

मांजरासाठी मी गावाशी, नवऱ्याशी, शिपायाशी भांडले होते. आणि रोज एका ताटाच्या अंतरावर बसणाऱ्या या बाईचा वास आला की मी दोन वर्षं नुसती जरा लांब सरकून बसत होते.

ठमीला खाली सोडलं. हात साबणानं धुऊन आले आणि त्यांच्यासमोर बसले.

"आ करा," मी म्हणाले.

आत्याबाईंनी उजेडाकडं तोंड केलं आणि माझ्यापुढं जबडा उघडला. मी जवळ गेले.